रिजेक्शन कोणाच्या खात्यावर?

सकाळी कापलेला थॉम्पसन द्राक्षांचा घड तासभर जास्त उन्हात राहिला, तर त्या वेळी त्याच्याकडे बघून कोणाला काही कळत नाही. मणी टपोरे दिसतात, देठ हिरवा असतो, रंगातही फरक नसतो. तो तास उघडकीला येतो तीन आठवड्यांनंतर, रॉटरडॅमच्या एखाद्या गोदामात खोका उघडल्यावर. देठ तपकिरी पडलेला असतो, मणी बोटांत घेतला तर सैल लागतो. मग तिकडून फोटो येतात, फोटोंमागून क्लेमचा आकडा येतो आणि दिंडोरी-निफाडकडच्या एखाद्या ऑफिसात सगळे एकमेकांकडे बघू लागतात. टेम्पोवाल्याने उशीर केला, की तोडणीची टोळी उशिरा आली? प्री-कूलिंगचं दार उघडं राहिलं, की जहाज रखडलं? वेल आणि युरोपातलं दुकान यांच्यामध्ये इतके हात आहेत की दोष ढकलायला जागा हवी तेवढी मिळते.

हे सगळं नाशिक जिल्ह्यातल्या एका पॅकहाऊसच्या गुणवत्ता-प्रमुख गेली कित्येक वर्षं जवळून बघताहेत. पॅकहाऊसमध्ये सगळे त्यांना ताई म्हणतात. इथेही तेवढंच पुरे. कृषी पदवी घेऊन त्या २००८ च्या आसपास एका खाजगी निर्यातदाराकडे तपासनीस म्हणून लागल्या, पुढे शेतकऱ्यांच्याच मालकीच्या एका कंपनीत आल्या. दोन्हीकडे माल तोच, बंदर तेच, यंत्रंही साधारण त्याच तोडीची. तरी एकीकडे हंगाम संपताना वकिलाचा खर्च निघायचा, तर दुसरीकडे पुढच्या वर्षीच्या बागांची यादी आधीच भरलेली असायची. पुरवठा साखळीवर ताईंना जे म्हणायचं आहे, ते या फरकातूनच आलं आहे.

पहिल्या कंपनीत नव्या गोष्टींना तोटा नव्हता. मालक हौशी होते. कुठे काही नवं निघालं की ते यायचंच. अपेडा या केंद्राच्या कृषी-निर्यात संस्थेची मान्यता असलेलं पॅकहाऊस होतं. काढणीनंतर काही तासांत घडातली शेतातली उष्णता काढून घेणाऱ्या प्री-कूलिंगच्या खोल्या होत्या, शून्य अंशाच्या आसपास आणि नव्वद टक्क्यांवर आर्द्रता राखणारं शीतगृह होतं. खोक्यात घडांवर ठेवायचे सल्फर डायऑक्साइडचे पॅड होते; ते हळूहळू वायू सोडतात आणि प्रवासात करड्या बुरशीला अटकाव करतात. मण्याची जाडी मोजायच्या प्लॅस्टिकच्या रिंगा होत्या, साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर होता. पाहुणे आले की मालक त्यांना पांढरे कोट चढवून आत फिरवायचे.

पण त्या कंपनीत एक नियम होता आणि तो कुठे लिहिलेला नव्हता. क्लेम आला की तो बागाईतदाराच्या बिलातून कापायचा. कारण शोधायचं, पण कपात झाल्यानंतर. कंटेनरमध्ये चार प्लॉटांचा माल असेल तर चौघांच्या नावावर थोडं थोडं. पुरावा म्हणून परदेशातून आलेल्या फोटोची झेरॉक्स. त्या काळ्यापांढऱ्या कागदावर घड आहे की डाग आहे हेही धड कळायचं नाही.

याचा परिणाम काय झाला, ते ताईंना फवारणीच्या वह्यांमधून दिसलं. निर्यातीच्या प्लॉटला प्रत्येक औषधाची तारीख आणि मात्रा लिहून ठेवावी लागते, कारण शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठरावीक दिवसांचं अंतर पाळायचं असतं. ताईंच्या हातात ज्या वह्या यायच्या त्या नीटनेटक्या, एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेल्या असायच्या. छाटणीपासून काढणीपर्यंतच्या चार-पाच महिन्यांत पानावर औषधाचा एक थेंब सांडलेला नाही, एक खाडाखोड नाही. मधल्या काळात पाऊस येऊन गेला होता, केवडा रोगासाठी सगळा तालुका रात्री-अपरात्री फवारत होता. वहीत मात्र सगळं वेळापत्रकाप्रमाणे. पॅकहाऊसच्या आतही तीच तऱ्हा. शीतगृहाच्या दारावर टांगलेल्या तापमानाच्या तक्त्यात दर तासाला तोच आकडा, अगदी वीज गेली होती त्या रात्रीही. खरं लिहिणाऱ्याला दंड आणि छान लिहिणाऱ्याला शाबासकी असेल, तर माणसं छान लिहितात. शेतकरी तेच करत होता आणि पगारी सुपरवायझरही.

म्हणजे लाखो रुपये खर्चून बसवलेल्या यंत्रांना मिळणारी माहितीच खोटी होती.

२०१० साली तर सगळ्याच द्राक्षपट्ट्याला मोठी किंमत मोजावी लागली, तीही वेगळ्याच कारणाने. त्या हंगामात युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले. बागाईतदार त्याला सीसीसी म्हणतात. छाटणीनंतर वेलीची नुसती पानोळ्याची वाढ रोखून ताकद घडाकडे वळवायला ते वापरलं जायचं, दुकानात सहज मिळायचं, वापरू नका असं कोणी सांगितलेलं नव्हतं. निर्यातीआधी ज्या औषधांची तपासणी व्हायची त्या यादीतही ते नव्हतं. इथले रिपोर्ट पास झाले, कंटेनर निघाले, तिकडच्या प्रयोगशाळेने नेमकं तेच शोधलं. बंदरात माल अडकला, सुपरमार्केटांनी भारतीय द्राक्षं फळीवरून उतरवली, भाव कोसळले.

ही वेळ नियम मोडल्यामुळे आली नव्हती. २००३ मध्ये मेथोमिल या कीटकनाशकाच्या अंशांवरून एकदा गडबड झाल्यानंतर देशात अवशेष-तपासणीची एक शिस्त उभी राहिली होती. पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातली प्रयोगशाळा त्यात मध्यवर्ती होती. अपेडाने ग्रेपनेट ही संगणकीय नोंदव्यवस्था सुरू केली होती. कृषी खात्याकडे नोंदलेला प्लॉट, त्याचा नमुना, प्रयोगशाळेचा निकाल, पॅकहाऊस, खोका, कंटेनर हे सगळं एका धाग्यात आलं होतं. युरोपातल्या दुकानातला खोका कोणत्या गावच्या कोणत्या प्लॉटचा, हे इथे बसून सांगता येत होतं. फळांच्या व्यापारात त्या काळी ही मोठीच मजल होती. पण यादीत जे नाही ते कोणतीच व्यवस्था शोधत नाही. शिवाय युरोपची मर्यादा किती कडक असते, याची कल्पना आकड्यावरून येत नाही. ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला तिथे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम एवढीच मुभा आहे. म्हणजे शंभर टनांत एक ग्रॅम. एका मोठ्या शीत (रीफर) कंटेनरमध्ये साधारण तेरा टन द्राक्षं बसतात. तेव्हा सात-आठ कंटेनरांत मिळून एक ग्रॅम.

दोष कोणा एकाचा नव्हता, पण नुकसान कोणाच्या तरी अंगावर पडणारच होतं. आणि या ठिकाणी द्राक्षपट्ट्याला वेगवेगळी नेतृत्वं दिसली. काही निर्यातदारांनी सरळ हात वर केले. काहींचे फोन लागेनासे झाले. व्यापारी पळाला ही नाशिकमधली जुनीच गोष्ट, त्या वर्षी ती गावोगाव ऐकू आली. ताईंच्या मालकांनी कपातीचा नेहमीचा नियम लावला. शेतकरी ऑफिसच्या पायऱ्यांवर बसून राहिले, काहींनी पुन्हा कधी तिथे माल घातला नाही.

त्याच संकटात विलास शिंदे यांनी वेगळा निर्णय घेतला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून कृषी अभियांत्रिकीत एम.टेक. झालेले, स्वतः शेतीत धडपडून निर्यातीत उतरलेले शिंदे तेव्हा काही शेतकऱ्यांना बरोबर घेऊन युरोपात द्राक्षं पाठवत होते. त्यांचाही माल अडकला. त्यांनी तोटा स्वतःकडे घेतला आणि शेतकऱ्यांचे पैसे भागवले. पुढे दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीला उभी राहिलेली सह्याद्री फार्मर्स प्रोड्युसर कंपनी आज देशातल्या मोठ्या द्राक्ष निर्यातदारांत गणली जाते. २०२२ मध्ये तिच्या काढणीपश्चात व्यवसायात युरोपातल्या गुंतवणूकदारांनी मिळून सुमारे ३१० कोटी रुपये घातले. हे सगळं एका निर्णयामुळे झालं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण ज्या व्यवसायात पीक उधारीवर जातं आणि पैसा महिन्या-दोन महिन्यांनी येतो, तिथे अडचणीच्या वर्षी कोण उभा राहिला, हे बागाईतदार दहा वर्षं विसरत नाही. त्या आठवणीवर पुढच्या हंगामाचा माल ठरतो.

ताईंनी नोकरी बदलली त्यामागेही हेच होतं. नवी कंपनी उत्पादक कंपनी होती. २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन शेतकऱ्यांना अशी स्वतःची कंपनी काढण्याची सोय झाली. सहकारी संस्थेसारखी सभासदांची मालकी, पण कारभार कंपनीचा. तिथे रुजू झाल्यावर पहिल्याच बैठकीत संचालकांनी एक गोष्ट सांगितली. क्लेम आला तर तो आधी कंपनीच्या खात्यावर पडेल. चौकशी होईल, कारण सापडेल, आणि बागाईतदाराने माहिती लपवल्याचं सिद्ध झालं तरच त्याच्याकडे वसुली जाईल. एखाद्याने आधीच येऊन सांगितलं, "ताई, परवा नाइलाजाने एक फवारा मारलाय", तर दंड नाही. त्याची काढणी पुढे ढकलायची, पुन्हा नमुना काढायचा, आणि दुसऱ्या तपासणीचा खर्च कंपनीने करायचा.

ऐकायला सोपा नियम. पण याचा अर्थ संचालकांना बँकेत जाऊन जादा खेळतं भांडवल मागावं लागलं. सभासदांच्या सभेत काहींनी कुरकूर केली, "त्याच्या चुकीचा भुर्दंड आम्ही का सोसायचा?" त्या सभेत अध्यक्ष उठले आणि म्हणाले, "आज त्याचा प्लॉट आहे, उद्या तुमचा." ठराव झाला, पण एकमताने नाही.

पहिल्या हंगामात वह्या होत्या तशाच आल्या. विश्वास ठरावाने येत नाही. मग एका बागाईतदाराने खरंच येऊन सांगितलं की केवड्याच्या भीतीने त्याने काढणीच्या तोंडावर फवारणी केली आहे. त्याची काढणी थांबली, त्याला दंड झाला नाही, त्याचा माल नंतर रिपोर्ट पास होऊन गेला. ही बातमी पारावर पोचायला एक संध्याकाळ पुरली. पुढच्या हंगामात ताईंच्या टेबलावर मळलेल्या वह्या येऊ लागल्या. औषधाचे डाग, वेगवेगळ्या शाई, मुलीने शाळेच्या अक्षरात भरलेली पानं, समासात "पाऊस, उद्या बघू" असले शेरे. अशा वहीवरून काढणीचं वेळापत्रक आखता येतं. कुठला प्लॉट कधी तोडायचा, कुठल्या बाजारात पाठवायचा, प्रयोगशाळेत कशावर जास्त लक्ष ठेवायला सांगायचं, हे आधी कळू लागलं. कंपनीने त्या वर्षी एकही नवं यंत्र घेतलेलं नव्हतं.

तंत्रज्ञान आलं ते नंतर, आणि त्याचे अनुभव मिश्र होते. एका वर्षी मोबाइल अॅप आलं. फवारणीची नोंद अॅपवर करायची. ते पुण्यात बसून बनवलेलं, इंग्रजी पर्यायांचं, आणि शेतात नेटवर्क नसेल तर भरलेलं सगळं पुसून टाकणारं होतं. बागाईतदारांनी ते घरातल्या कॉलेजच्या मुलांकडे सोपवलं आणि मुलांनी आठवड्याची नोंद रविवारी एकदम भरायला सुरुवात केली. म्हणजे एकाच बैठकीतली वही पुन्हा आली, फक्त फोनवर. ताईंनी हे संचालकांपुढे स्पष्ट मांडलं. पैसे खर्च झालेले असतानाही अॅप बाजूला ठेवलं गेलं आणि रोज वहीच्या पानाचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायचा, ऑफिसातल्या मुलीने तो संगणकात चढवायचा, असं ठरलं. ज्या कंपनीत वरिष्ठांनी आणलेली वस्तू फसली असं खालच्या माणसाला बोलता येत नाही, तिथे असली अॅपं वर्षानुवर्षं चालतात आणि अहवालात यशस्वी ठरतात.

तापमान नोंदवणारे डेटा लॉगर मात्र टिकले. काडेपेटीएवढी ही वस्तू खोक्यात किंवा कंटेनरमध्ये ठेवली की प्रवासभर ठरावीक अंतराने तापमान टिपत राहते. आधी ते परदेशी खरेदीदाराच्या आग्रहापोटी फक्त कंटेनरमध्ये जायचे. ताईंनी मागणी केली की लॉगर बागेपासून लावा, तोडलेल्या क्रेटमध्येच. त्यातून कळलं की उष्णता जहाजावर वाढत नव्हती, वाढत होती ती पॅकहाऊसच्या फाटकाबाहेर, टेम्पोंच्या रांगेत. सगळ्या बागा सकाळीच तोडायच्या म्हणून सगळे टेम्पो अकरा वाजता एकदम यायचे आणि शेवटच्या टेम्पोतले घड ताडपत्रीखाली तापत उभे राहायचे. उपाय साधाच निघाला. टोळ्यांना गावनिहाय वेळा दिल्या, लांबच्या बागा आधी, जवळच्या नंतर, आणि फाटकाजवळ सावलीचं छप्पर बांधलं. कठीण होतं ते वेगळं. पहिला टेम्पो आपलाच गेला पाहिजे ही सवय मोठ्या बागाईतदारांना होती आणि त्यांतले दोघे स्वतः संचालक होते. त्यांनी आपला नंबर सोडला म्हणून वेळापत्रक चाललं. नसता सोडला, तर लॉगरने टिपलेला आलेख फाइलीत पडून राहिला असता.

पॅकिंगच्या टेबलावरचा बदल ताईंच्या घरातून आला. त्यांचे यजमान अंबडच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहेत. तिथे ओळीवरच्या कामगाराला दोष दिसला की दोरी ओढून किंवा बटण दाबून ओळ थांबवता येते. ही पद्धत टोयोटाकडून जगभर पसरली. साकिची टोयोडा यांच्या स्वयंचलित मागात सूत तुटलं की माग आपोआप थांबायचा. ताइची ओनो यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात तेच तत्त्व मोटारीच्या कारखान्यात रुजवलं. दोष पुढे जाऊ द्यायचा नाही, जिथे दिसला तिथेच काम थांबवून कारण शोधायचं. ताईंनी विचारलं, मग द्राक्षाच्या टेबलावर का नको?

टेबलावर बायका असतात. हातात छोटी कात्री, समोर क्रेट. घड उचलायचा, तडकलेले, लहान, डाग पडलेले मणी कापायचे, वजन करून पनेटमध्ये, म्हणजे छोट्या डब्यात, भरायचा. हंगामात दिवसाचे आठ-दहा तास हेच काम. एखाद्या प्लॉटच्या मालात काही बिनसलं असेल तर सगळ्यात आधी त्यांच्या बोटांना कळतं, तपासनिसाला नंतर. पण रोजंदारीवरच्या बाईने काम थांबवायचं म्हणजे मुकादमाची बोलणी खायची, म्हणून बोटांना कळलेलं तोंडापर्यंत यायचं नाही. कंपनीने प्रत्येक टेबलावर एक घंटा बसवली. मऊ मणी, देठाला वास, बुरशीचा संशय, काहीही वाटलं की घंटा द्यायची, त्या प्लॉटचं पॅकिंग थांबणार, ताई येऊन बघणार.

सुरुवातीला कोणी घंटेला हात लावेना. नंतर ती इतकी वाजू लागली की डिस्पॅच बघणारे गृहस्थ वैतागले. कंटेनर न्हावाशेवाला वेळेत पोचला नाही तर जहाज चुकतं आणि जहाज आठवड्याने असतं. त्यांचंही खोटं नव्हतं. तेव्हा व्यवस्थापकीय संचालक स्वतः दोन दिवस पॅकिंग हॉलमध्ये येऊन उभे राहिले. घंटा झाली की आधी "कोणी वाजवली?" न विचारता "काय दिसलं, मावशी?" असं विचारायचे. आणि थांबलेला वेळ त्या टेबलाच्या कामातून वजा करायचा, बायकांच्या रोजातून नाही, हा हुकूम त्यांनी तिथेच दिला. त्यानंतर घंटा कमी झाली, कारण खराब माल बागेतच वेगळा होऊ लागला. आपल्या प्लॉटवर घंटा वाजली हे बागाईतदाराला त्याच दिवशी फोनवर कळत होतं, तीन आठवड्यांनी रॉटरडॅमहून नाही.

यजमानांनी ताईंना सांगितलेली टोयोटाचीच दुसरी गोष्टही त्या अधूनमधून नव्या मुलांना सांगतात. १ फेब्रुवारी १९९७ ला जपानमधल्या कारिया इथल्या आयसिन सेइकीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या गाड्यांच्या ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथेच बनायचा आणि साठा होता तो काही तासांचा. टोयोटाचे कारखाने बंद पडले. मग साठहून अधिक कंपन्यांनी, त्यांत शिवणयंत्रं बनवणारी ब्रदरसुद्धा होती, आपापल्या यंत्रांवर तो व्हॉल्व्ह बनवायला घेतला आणि आठवडाभराच्या आसपास गाड्यांचं उत्पादन पुन्हा मार्गी लागलं. पैशांचा हिशेब आधी कोणी घातला नाही; तो नंतर झाला. वर्षानुवर्षं ज्यांच्याशी वागणूक चांगली राहिली होती, ते आगीच्या दिवशी धावून आले. साठा कमी ठेवायचा ही टोयोटाची युक्ती जगाने उचलली. साठा नसताना कोण धावून येतो ही बाजू उचलणारे थोडे निघाले.

द्राक्षपट्ट्याला अशा आगीची वाट बघावी लागत नाही. दर एक-दोन हंगामांनी काहीतरी होतंच. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस थांबायलाच तयार नव्हता, फुलोऱ्यातल्या बागा गेल्या. २५ मार्च २०२० ला, ऐन काढणीत, देश बंद झाला. माल वेलीवर, टोळ्या गावी निघालेल्या, पॅकहाऊस अर्धं रिकामं. कित्येकांनी द्राक्षं बेदाण्याला घातली; सह्याद्रीसारख्या कंपन्यांनी मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांपर्यंत भाजी-फळांच्या टोपल्या पोचवायला सुरुवात केली. २०२१ च्या मार्चमध्ये एव्हर गिव्हन हे जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं, २३ तारखेपासून २९ पर्यंत. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली. युरोपचा प्रवास दहा ते पंधरा दिवसांनी लांबला, भाडं कितीतरी वाढलं.

२०२४ च्या त्या हंगामात ताईंच्या कंपनीसमोर प्रश्न होता की पाच आठवडे टिकेल असा माल कोणता. उत्तर त्या मळक्या वह्यांमध्ये होतं. कुठल्या प्लॉटला शेवटी पाणी किती दिलं, मण्याची साल कशी आहे, मागच्या वर्षी त्या बागेचा माल किती दिवस टिकला, सगळं कागदावर होतं आणि खरं होतं. टणक मालाचे प्लॉट युरोपला गेले, बाकीचे आखातात आणि देशातल्या बाजारात. देशी बाजारात गेलेल्यांना भाव कमी मिळणार होता. संचालकांनी काढणीच्या आधी गावोगाव बैठका घेऊन हे तोंडावर सांगितलं आणि भावातल्या फरकाचा काही भाग सगळ्यांनी वाटून घ्यायचा असं सुचवलं. काही गावांत भांडणं झाली, दोघे-तिघे सोडून गेले, बहुतेक राहिले.

ताई हे सगळं आदर्श म्हणून सांगत नाहीत. शेतकऱ्यांच्या कंपनीतही मोठ्या बागाईतदाराचा आवाज मोठा असतो. पेठ-सुरगाण्याहून येणारी, वेलीवर थिनिंग-डिपिंगची कामं करणारी आदिवासी जोडपी कोणत्याच कंपनीची सभासद नसतात. हंगाम चांगला गेला की फायद्यात त्यांचा वाटा नसतो आणि हंगाम बुडाला की मजुरी मात्र बुडते. टेबलावरच्या बायकांना घंटा मिळाली, कायम नोकरी नाही मिळाली. आणि असे निर्णय बहुतेक ठिकाणी एक-दोन माणसांच्या स्वभावावर उभे असतात. तो माणूस गेला, पुढचा आकड्यांचाच विचार करणारा आला, की कपातीचा जुना नियम परतायला एक हंगाम पुरतो. म्हणून तोंडी चाललेली पद्धत कागदावर, ठरावात, करारात आणायचा ताईंचा आग्रह असतो.

आता नवं येतं आहे ते वाणांच्या रूपाने. थॉम्पसनला जिब्रेलिक आम्लाचे डिप, हाताने विरळणी, सारखी निगराणी लागते; मजूर मिळेनासे झाल्यावर ते परवडत नाही. आरासारखे (ARRA) परदेशी, स्वामित्वहक्काचे वाण कमी हातांत मोठा मणी देतात आणि पावसाला काहीसे जास्त टिकतात. पण ते हक्क घेतलेल्या कंपनीमार्फतच लावता येतात, मालही तिथेच द्यावा लागतो, आणि जुनी बाग काढून नवी धरायची तर काही हंगाम उत्पन्न हातचं जातं. म्हणजे प्रश्न पुन्हा तोच: वाण फसला तर तोटा कोणाचा? ज्या कंपनीने याचं उत्तर लागवडीच्या आधी कागदावर दिलं आहे, तिथे बागाईतदार निदान हिशेब मांडून ठरवू शकतो.

म्हणून निर्यातदार निवडणाऱ्या बागाईतदारांना ताईंचं सांगणं आहे की शीतगृह बघायला जाल तेव्हा जरूर बघा, पण आधी ऑफिसात बसून चार गोष्टी विचारा. क्लेम आला तर कपात कोणाच्या सहीने होते? तपासणीचा मूळ अहवाल आणि रंगीत फोटो तुम्हाला मिळतील का? गेल्या वाईट हंगामात या कंपनीने शेतकऱ्यांचे पैसे किती दिवसांत दिले, आणि ते ज्यांना मिळाले अशा दोन जणांचे फोन नंबर मिळतील का? खराब माल दिसला तर टेबलावरची बाई काम थांबवू शकते का? उत्तरं लेखी घ्या, आणि गोडी छाटणीच्या आधी घ्या. घड कापून टेम्पोत चढल्यावर विचारून उपयोग नाही.